रविवारच्या मॅचमध्ये कोणती बाजू घेऊ, ताई?

"ताई, मी २७ वर्षांचा आहे, नागपूरच्या मिहानमध्ये जॉब करतो. क्लायंट अमेरिकेचा म्हणून आमच्या टीममध्ये सगळे एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघतात. ऑफिसमध्ये फुकटची स्पर्धा असते, कोण जिंकणार ते सांगायचं, त्यात माझे मागचे १० पैकी ७ बरोबर आले. मग एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवरून बेटिंगची आयडी काढून दिली, त्यावर आतापर्यंत १८ हजार गेले. या रविवारी फेव्हरिट टीम घरच्या मैदानावर आहे, मागच्या आठवड्यात त्यांनी समोरच्याला धुतलं होतं, साडेसहा पॉइंट देऊन राहिले, भाव १.८० आहे. बोनसचे ४० हजार पडले आहेत, नव्या रूमच्या डिपॉझिटसाठी ठेवले होते. एका टेलिग्राम चॅनेलचे चार आठवडे सलग बरोबर आले, तो पण फेव्हरिटच म्हणतो. फेव्हरिट घेऊ की समोरची? मित्र म्हणतो अजून तीन पोरं आण, तुला कमिशन देतो. घरी कोणाला माहीत नाही. आणि लावायचं नसेल तर मॅच बघणं पण सोडू का? – एक वाचक, मनीष नगर"

भाऊ, पहिले उत्तर देते मग बाकीचं बोलू. कोणतीच बाजू घेऊ नको, आणि ते ४० हजार आजच्या आज घरमालकाला ट्रान्सफर करून टाक, रविवारपर्यंत ते तुझ्या खात्यात राहायलाच नको. तुझं पत्र लांब होतं म्हणून वर थोडक्यात दिलं आहे, आणि टीमची नावं तू लिहिली होती पण मी काढून टाकली, कारण हे वाचून अजून कोणी त्याच मॅचवर लावायला जाईल ते मला नको आहे. पण नुसतं "नको" म्हटल्याने तू थांबणार नाहीस हे पत्रावरून दिसतंच आहे, आणि तुला खेळ खरंच कळतो हेही दिसतं, म्हणून खेळाचाच हिशेब घेऊन सांगते काऊन नको ते.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात, हा आपल्या कामठीत खेळतात तो फुटबॉल नाही, हा अमेरिकेचा, हेल्मेट घालून बॉल हातात घेऊन पळायचा. ३२ टीम आहेत, सीझनला प्रत्येकीच्या १७ मॅच. टचडाउनचे ६ पॉइंट, त्यानंतर किक मारून अजून १, आणि टचडाउन जमत नसेल तर लांबून पोलच्या मधून किक मारून ३. बेटिंगमध्ये तगडी टीम आणि कच्ची टीम सारख्या करायला कच्च्या टीमला आधीच काही पॉइंट देऊन टाकतात, त्याला स्प्रेड म्हणतात. साडेसहाचा स्प्रेड म्हणजे फेव्हरिट ७ किंवा जास्त पॉइंटने जिंकली तरच तुझे पैसे निघतात, ६ ने जिंकली तर टीम जिंकली आणि तू हरला.

आता इथेच तुझी मोठी गफलत होऊन राहिली आहे. ऑफिसच्या स्पर्धेत तू सांगतो कोण जिंकणार, आयडीवर तू लावतो किती पॉइंटने जिंकणार यावर, आणि हे दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत. एनएफएलमध्ये फेव्हरिट टीम साधारण तीनपैकी दोन मॅच जिंकते, म्हणजे ज्याला खेळातलं काही कळत नाही त्याने डोळे मिटून दर वेळेस फेव्हरिटचं नाव लिहिलं तरी १० पैकी ६-७ बरोबर येणार. तुझे ७ आले. वाईट नाहीत, पण त्या सातवरून तुला स्प्रेड ओळखता येतो असं अजिबात ठरत नाही, कारण स्प्रेड लागला की तेच प्रमाण जवळपास निम्म्या-निम्म्यावर येतं, तो ठेवतातच त्यासाठी.

२०२४ चा नोव्हेंबर आठव. कॅन्सस सिटी चीफ्स, लागोपाठ दोन वर्षांचे चॅम्पियन, त्या सीझनला १७ पैकी १५ मॅच जिंकले. त्या महिन्यात डेन्व्हरला १६-१४ ने हरवलं, तेही शेवटच्या क्षणी समोरच्याची किक ब्लॉक करून, मग कॅरोलिनाला ३०-२७, मग रेडर्सला १९-१७. तिन्ही मॅचमध्ये चीफ्स मोठ्या फरकाने फेव्हरिट होते, स्प्रेड या दोन-तीन पॉइंटपेक्षा कितीतरी जास्त होता. म्हणजे "चीफ्स जिंकतील" म्हणणारा तिन्ही वेळेस बरोबर, आणि चीफ्सवर स्प्रेड लावणाऱ्याचे तिन्ही वेळेस पैसे बुडाले. टीम ओळखणं आणि भाव ओळखणं यात एवढा फरक आहे बाप्पा.

तू जी कारणं लिहिली ती सगळी खरी आहेत, फेव्हरिटचा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य प्लेअर) चांगला, मैदान घरचं, मागच्या आठवड्यात धुतलं. पण हे तुला माहीत आहे तसं भाव काढणाऱ्यालाही माहीत आहे आणि लावणाऱ्या लाखो लोकांनाही, म्हणूनच तर साडेसहा आले, नाहीतर तीन असते. कळमना मार्केटमध्ये संत्रा गोड आहे हे सगळ्या व्यापाऱ्यांना चाखून समजलेलं असतं, म्हणून त्या ढिगाचा भाव चढतो, तुला पण तो गोड लागला म्हणून तुझा काही फायदा होत नाही. फायदा तेव्हाच होईल जेव्हा बाकीच्यांना न दिसलेलं काहीतरी तुला दिसलं असेल, आणि तुझ्या पत्रात तसं काही मला सापडलं नाही, मी दोनदा वाचलं.

घरच्या मैदानाचंच घे. जुने लोक त्याचे सरसकट ३ पॉइंट धरायचे, आता तेवढा फायदा राहिलेला नाही, आणि २०२० मध्ये कोविडमुळे स्टेडियम रिकामे होते तेव्हा तर घरच्या टीम जिंकण्याचं आणि हरण्याचं प्रमाण जवळपास बरोबरीत आलं होतं. म्हणजे फायदा बराचसा लोकांच्या आवाजाचा, समोरच्या टीमला आपल्याच प्लेअरचे कॉल ऐकू येत नाहीत. तर कोणतं स्टेडियम, किती गोंगाट, समोरची टीम किती लांबून येऊन राहिली, गुरुवारची मॅच आहे का म्हणजे आराम कमी मिळाला का, असं बघावं लागतं. नुसतं "घरचं मैदान आहे" हे अर्धवट कारण झालं.

आणि मागच्या आठवड्याचा स्कोअर तर सगळ्यात जास्त फसवतो. हातातून बॉल निसटून खाली पडला की तो कोणाच्या हाती लागेल हे बऱ्यापैकी नशिबावर असतं, बॉल लंबगोल आहे, कुठेही उडतो. असे दोन-तीन बॉल एका टीमला मिळाले की स्कोअर ३५-१० दिसतो, पण पुढच्या आठवड्यात ते परत मिळतीलच असं नाही. ज्याला खरंच बाजू निवडायची आहे त्याने स्कोअर सोडून हे बघावं की प्रत्येक खेळीला किती यार्ड मिळाले, क्वार्टरबॅकवर किती वेळा लोक धावून आले, त्याच्यापुढच्या पाच जणांच्या लाइनमध्ये कोण जखमी आहे. स्टार प्लेअर जखमी झाला की भाव लगेच हलतो, सगळ्यांना दिसतं ते, पण लाइनमधले दोन जण एकदम बाहेर गेले तर त्याची चर्चा कमी होते आणि मॅच तिथेच पलटते. टीमला आठवडाभर इंज्युरी रिपोर्ट द्यावा लागतो आणि मॅचच्या ९० मिनिटं आधी कोण खेळणार नाही त्याची शेवटची यादी येते. तू लावतो कधी? तूच लिहिलं आहे, शनिवारी दुपारी, जेवण झाल्यावर. म्हणजे ती यादी यायच्या कितीतरी आधी.

आता साडेसहा या आकड्याबद्दल, कारण यात मला सगळ्यात जास्त गोडी आहे. पॉइंट ३ आणि ७ च्या हिशेबाने येतात म्हणून मॅच पण तेवढ्याच फरकाने जास्त सुटतात, साधारण सातातली एक मॅच तर बरोबर ३ च्या फरकाने संपते, ७ चा नंबर त्याच्या खालोखाल. म्हणून अडीच आणि साडेतीन यात दिसायला एकच पॉइंट असला तरी खूप अंतर आहे, तसंच साडेसहा आणि साडेसातमध्ये. साडेसहावर फेव्हरिट घेतली तर ७ चा फरक तुझ्या बाजूने येतो, साडेसातवर तोच फरक तुझ्या विरोधात जातो. हे अनुभवी लोक आधी बघतात, टीम मग बघतात. आयडीवाले बऱ्याचदा हाच अर्धा-एक पॉइंट सरकवून ठेवतात, बाहेर साडेसहा चालू असताना आपल्या पोरांना साडेसात दाखवतात, आणि पोरं टीमचं नाव बघून लावतात, आकडा कोण बघते.

त्यात तुझा भाव १.८०. अमेरिकेत दोन्ही बाजूंना नॉर्मल भाव ११० लावा, १०० कमवा असा असतो, आपल्या पद्धतीने लिहिला तर १.९१. त्यातही १०० पैकी साधारण ५३ बरोबर आले तर कुठे थोडंसं सुटतं, ५२ बरोबर आले तरी तोटाच. तुझ्या १.८० वर १०० रुपये लावून ८० मिळतात, म्हणजे १०० वेळा १०० लावले आणि ५० बरोबर आले तर कमाई ४ हजार आणि गेले ५ हजार. हजार रुपये साफ, तेही तू निम्मे बरोबर ओळखून. पैसे जागच्या जागी राहायला तुला १०० पैकी ५६ पाहिजे, दर सीझनला, आणि एवढं टिकवणारे लोक जगात फार कमी आहेत, त्यांचं पूर्ण वेळ कामच ते असतं, कॉम्प्युटरवर मॉडेल चालवतात, दहा ठिकाणचे भाव ताडून बघतात. तू दिवसभर तिकिटं क्लोज करून रात्री मोबाइलवर बघून राहिला.

४० हजारांचं गणित तर फारच वाईट आहे, तू ते कागदावर मांडलं नाही म्हणून मी मांडते. जिंकला तर ३२ हजार मिळतील, त्यातून गेलेले १८ भरून निघाले की वर उरले १४. हरला तर १८ आणि ४० मिळून ५८ गेले, रूम गेली, आणि मग ते ५८ काढायला तू अजून कोणाकडे तरी मागणार. म्हणजे १४ वर जाण्यासाठी ५८ खाली जायची तयारी, आणि चान्स अर्ध्याच्या आसपास. या मॅचमध्ये ४० लावावे असं मॅचमध्ये काहीच नाही रे, ४० हा आकडा फक्त १८ गेले म्हणून आला आहे. गेलेले पैसे काढायला लावणं ही एकच गोष्ट अशी आहे की तिथून माणूस घसरत जातो, बरे शिकलेले, समजदार लोक घसरतात, म्हणून मला तुझी काळजी वाटली आणि बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुझं आधी घेतलं.

टेलिग्रामवाल्याचं पण सांगते. समज त्याच्याकडे ८०० लोक आहेत. पहिल्या आठवड्यात ४०० जणांना सांगितलं ही टीम, ४०० जणांना सांगितलं ती. ज्यांचं चुकलं ते सोडून दिले, उरलेल्या ४०० चे परत दोन भाग, मग २००, मग १००, मग ५०. चार आठवड्यांनी ५० लोक असे उरतात ज्यांना चारही वेळेस बरोबर टीप मिळाली, आणि त्यांना वाटते हा माणूस देव आहे. पाचव्या आठवड्यात त्याच ५० जणांकडून पैसे मागायचे. चॅनेलवर सगळ्यांना एकच मेसेज जात असेल तर चुकलेला मेसेज डिलीट करतात, किंवा चार चॅनेल काढून तीन बंद करतात. त्याने तुला अजून पैसे मागितले का ते तू लिहिलं नाही. नसतील मागितले तर तो तुझ्या आयडीवाल्याकडून घेत असणार, तू जेवढा हरशील तेवढा त्याचा वाटा, हे कमिशन या धंद्यात उघड चालते.

आता आयडी. तुझे क्लायंटकडचे लोक बेटिंगबद्दल मोकळेपणाने बोलतात कारण तिथे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने जुनी बंदी काढली आणि बऱ्याच राज्यांत ते कायदेशीर झालं, त्यांची कंपनी लायसन्सवाली, जिंकले तर पैसे मिळणारच. तुझं तसं नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन गेम बंदच केले, स्किलचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. महाराष्ट्राचा जुगाराचा १८८७ चा कायदा आहे तो वेगळा. नुसत्या खेळणाऱ्याला नव्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, पण "तीन पोरं आण, कमिशन देतो" याला तू हो म्हटलं की तू नुसता खेळणारा राहत नाहीस, तू त्यांचा माणूस होतोस, आणि पकडापकडी झाली की दुबईत बसलेला आयडीवाला सापडत नाही, मनीष नगरवाला सापडतो. हे मात्र अजिबात करू नको, यात मला दुसरी बाजूच दिसत नाही.

दुसरं, तू पैसे ज्या यूपीआयवर टाकतो तो दर वेळेस वेगळ्याच माणसाच्या नावाचा असतो ना? ती भाड्याची खाती असतात, त्यातल्या एकावर कुठेतरी सायबर फ्रॉडची तक्रार झाली की त्या खात्यातून ज्यांच्याकडे पैसे आले-गेले त्या सगळ्यांची खाती होल्ड होतात, सॅलरी अकाउंट असलं तरी. मग दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांना मेल करत बसा, महिनोन्‌महिने. आणि अ‍ॅप खरं आहे हे तरी कशावरून? २०२३ मध्ये आपल्या नागपूरच्याच एका व्यापाऱ्याने ऑनलाइन बेटिंगमध्ये ५८ कोटी बुडाल्याची तक्रार केली होती, पोलिसांना आरोपीच्या गोंदियातल्या घरी कोट्यवधीची रोकड आणि किलोने सोनं सापडलं, तो व्यापारीसुद्धा सुरुवातीला जिंकतच होता. तुझ्या पत्रात पण तेच आहे, पहिल्या आठवड्यात ३ हजार आले आणि लगेच काढता आले असं तू आनंदाने लिहिलं आहे.

तर करायचं काय. मित्राला एक मेसेज टाक, आयडी बंद कर, मी खेळत नाही, पोरं आणणार नाही, बस, त्यावर वाद घालू नको, तो "शेवटचं एकदा" म्हणेल, उत्तर देऊ नको. १८ हजार गेले ते गेले, ते परत मिळवायचे नाहीत, ते पगारातून तीन-चार महिन्यांत भरून काढायचे. उधारीवर लावून तू काही देणं करून ठेवलं असशील (पत्रात तसं नाही, पण बरेच लोक लपवतात) आणि कोणी वसुलीची धमकी देत असेल तर एकट्याने भेटायला जाऊ नको, सगळे मेसेज सेव्ह कर आणि पोलिसांकडे जा. ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० वर फोन.

घरी सांग. आईला लगेच नको वाटत असेल तर मोठ्या भावाला सांग, तू लिहिलं आहे तो वर्धेला असतो, या शनिवारी जा, शनिवार दुपार तशीही तुझी लावायची वेळ आहे. रक्कम खरी सांग, १८ चे ८ करू नको. आणि ठरवूनही मन सारखं तिकडेच जात असेल, झोपेत पण स्कोअर दिसत असेल, तर तो कच्चेपणा नाही, त्याला उपचार आहेत. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये, मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते.

बाजू निवडायचा तुझा नाद मात्र मला मोडायचा नाही, तो नाद चांगला आहे, डोकं लागते त्यात. एक वही कर. दर शनिवारी स्प्रेड लिही, तुझी बाजू लिही, आणि का ते एका ओळीत लिही, "मला वाटते" चालणार नाही, कारण लिही. मग मॅच सुरू व्हायच्या अगदी आधी स्प्रेड परत बघ आणि तो पण लिही. तू साडेसहावर फेव्हरिट लिहिली आणि शेवटी स्प्रेड साडेसात झाला तर तुला बाकीच्यांच्या आधी काहीतरी दिसलं होतं, साडेपाच झाला तर इतरांना जे दिसलं ते तुला दिसलं नाही. मॅच कोण जिंकलं यापेक्षा हे जास्त खरं सांगते, पोटासाठी हे करणारे लोक स्वतःला असंच तपासतात, कारण १०० पैकी ५६ तर नाणं उडवून पण सातातून एखाद वेळेस येऊन जातात. आणि ऑफिसच्या फुकट स्पर्धेत स्प्रेड नसतो तर तिथे जास्तीत जास्त फेव्हरिट घे, आणि वर जायचं असेल तर दोन-तीनच मॅच अशा निवड की जिथे स्प्रेड अडीचच्या आत आहे आणि सगळं ऑफिस एकाच बाजूला आहे, तिथे उलटी बाजू घे. फरक तिथेच पडतो, मोठ्या फेव्हरिटच्या विरुद्ध जाऊन नाही.

मॅच बघणं सोडायचं कशाला? पहिले एक महिना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघ आणि स्क्रीनवर भाव दाखवतात तेव्हा उठून पाणी पिऊन ये. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, त्यानंतर पहिल्या मॅच आपल्याकडे रात्री साडेअकराला लागतात, एक बघून झोप. सकाळी सहा पन्नासची संडे नाइटवाली सोमवारी ऑफिसला जायच्या आधी पहिला हाफ तरी बघून होते. टेलिग्राम मात्र आत्ताच डिलीट कर.